चारशे बत्तीस मार्कांची मी

मी दर्शना तांडेलची दहावीची गुणपत्रिका बोलतेय. आधीच सांगून टाकते, मी मनाने काही फार चांगली नाही. दुसरीचं कौतुक झालं की माझ्या पोटात दुखतं. माझ्यावर पाचशेपैकी चारशे बत्तीस मार्क छापलेत. वाईट नाहीत, पण तोंडभरून बोलावं असेही नाहीत. मला हातात घेऊन लोक ‘छान’ म्हणतात आणि म्हणताना त्यांची नजर दुसरीकडे असते.

दुसरीकडे म्हणजे अनुजा परबच्या गुणपत्रिकेकडे. आम्ही दोघी एकाच गठ्ठ्यातून परळच्या शाळेत आलो. कागद तोच, शाई तीच, खालची सहीसुद्धा तीच. आमच्यामध्ये फार तर तीन कागद असतील. पण तिच्यावर चारशे अठ्ठ्याहत्तर छापलं गेलं आणि तेव्हापासून ती वेगळ्या जातकुळीची असल्यासारखी मिरवू लागली.

दर्शना आणि अनुजा एकाच चाळीत, एकाच मजल्यावर राहतात. निकाल हाती आला त्याच संध्याकाळी परबकाकांनी अनुजाची गुणपत्रिका लॅमिनेट करून आणली आणि सगळ्या गॅलरीत फिरवली. चाळीच्या मंडळाने फाटकावर बॅनर लावला. त्यावर नव्वद टक्क्यांच्या वरच्यांचेच फोटो, म्हणजे अनुजा होती आणि दर्शना नव्हती. त्या बॅनरखालून जाताना दर्शना चपलांकडे बघत चालायची. मी मात्र घरी बटणाच्या फाइलमध्ये, रेशनकार्डाच्या झेरॉक्सला चिकटून पडलेली. मला प्लास्टिक चढवावं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

दर्शनाचे बाबा रे रोडला लाकडाच्या वखारीत कामाला आहेत. पण घरातला शेवटचा शब्द आईचा, सुभद्राचा. ती लालबागच्या बाजारात मासे विकते. दर्शनाला माशांचं वेड आहे, पण विकण्याचं नाही. नववीत असताना ती विज्ञान प्रदर्शनासाठी माटुंग्याच्या एका कॉलेजात गेली होती. तिथल्या प्रयोगशाळेत बाटल्यांमध्ये मासे ठेवले होते आणि खाली नुसती शास्त्रीय नावं. दर्शनाने एकेका बाटलीपुढे उभं राहून मांदेली, ढोमी, मुडदुशी अशी सगळ्यांची घरची नावं सांगितली. तिथल्या मॅडमनी ती वहीत लिहून घेतली आणि म्हणाल्या, “अकरावीला इथेच ये.” तेव्हापासून तिला तेच कॉलेज हवं होतं. दुसरं कुठलंच नाही.

अकरावीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये कॉलेजांची नावं पसंतीने लावायची असतात. दर्शना मोबाइल घेऊन बसली, समोर विळीवर सुभद्रा.

“माटुंगा गेल्या वर्षी चारशे पस्तीसला बंद झालं,” दर्शना म्हणाली. “माझे तीन कमी आहेत.”

“मग नक्की मिळंल असं कुठलं हाय?”

“परळचं. तिथे चारशे दहालापण घेतात.”

“मग त्येच पयलं लिव.”

“पण आई, मला माटुंगा हवंय.”

“ते दोन नंबरला लिव. भवानी परतवायची नसते गो. पयलं गिऱ्हाईक हातचं धरायचं, मग दिवसभर मोठी गिऱ्हाइकं आपसूक येतात.”

दिवसाची पहिली विक्री म्हणजे भवानी. ती रिकाम्या हाताने परत गेली तर अख्खा दिवस सुका जातो, असं बाजारात सगळेच मानतात. पंचवीस वर्षांत सुभद्राने भवानी एकदाही परतवली नव्हती.

दर्शनाने जरा विचार केला. पहिल्या फेरीत परळ पक्कं करायचं, दुसऱ्या फेरीत माटुंग्याला सरकायचं. “अनुजापण माटुंगाच टाकतेय,” ती हळूच म्हणाली. “तिचं लागलं आणि माझं नाही, तर सगळी चाळ हसेल.” तिने परळ पहिलं टाकलं, माटुंगा दुसरं, आणि फॉर्म लॉक केला. मला तर हायसंच वाटलं. त्या चकचकीत बयेच्या शेजारी पुन्हा एकाच गठ्ठ्यात पडायची माझी मुळीच इच्छा नव्हती. फॉर्मबरोबरच्या सूचना कुणीच वाचल्या नाहीत.

पहिली यादी लागली. दर्शनाला परळ मिळालं. सुभद्राने तिच्या हातावर साखर ठेवली. तेवढ्यात अनुजा आली, तिला माटुंगा मिळालं होतं. तिने दर्शनाचा मोबाइल पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“तू परळ पहिलं टाकलंस? अगं, हवं ते वर टाकायचं असतं. ते नाही मिळालं तर खालचं मिळतंच ना. आता पहिलंच लागलं म्हणजे हेच घ्यावं लागणार. नाही घेतलंस तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर.”

“माटुंगा कितीला बंद झालं?” दर्शनाने विचारलं.

“चारशे एकतीसला.”

सुभद्रा म्हणाली, “म्हंजे मी मधी पडले नसते तर...” दर्शनाने मोबाइल पालथा ठेवला आणि साखरेचा हात मोरीत धुतला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता परळला प्रवेश घ्यायचा होता. सकाळी सुभद्रा मला पिशवीत घेऊनच बाजारात गेली. पावसाळी मासेमारीबंदीचे दिवस, त्यामुळे सगळं बर्फातलं म्हावरं. पहिलीच एक बाई आली आणि तिने सुरमई कशी दिली ते विचारलं. सुभद्राने तिच्याकडे पाहिलं आणि सुरमईवर प्लास्टिक ओढलं.

“नाय द्यायची.”

“अहो, मी तर पहिलीच आले ना?”

“म्हणूनच नाय द्यायची. फुडं जा, बाई.”

शेजारच्या गुणवंतीचा कोयता हातातच राहिला. “सुभद्रे, भवानी परतवलीस?”

“परतवली,” सुभद्रा म्हणाली. तिने साबणाने दोनदा हात धुतले, पदराला पुसले आणि मला उचललं.

परळच्या क्लार्कने मला पालथं केलं आणि पाठीवर शिक्का मारला. तो छान उमटला. त्याच दिवशी माटुंग्याला अनुजाच्या गुणपत्रिकेवर शिक्का बसेना. प्लास्टिकवरची शाई बोटाने पुसली जात होती. परबकाका दुकानोदुकानी फिरून ते प्लास्टिक सोलून घेऊन आले आणि त्यात तिचा एक कोपरा फाटला. हे गॅलरीत ऐकलं आणि मी दोन दिवस खूश होते, खोटं कशाला बोलू?

आता मी कपाटात असते. दर्शना परळला जाते, अभ्यासही नीट करते. अधूनमधून मला बाहेर काढते आणि एकाच आकड्यावर बोट ठेवून बसते. तेव्हा मला माझीच लाज वाटते. तुमच्या घरीही माझ्यासारखी एखादी असेल. तिला शेजारणीच्या गुणपत्रिकेजवळ ठेवून मोजू नका. मी सगळा उन्हाळा अनुजाच्या आणि माझ्यातले शेहेचाळीस मार्क मोजत जळत बसले, आणि पोरीलाही मान खाली घालायला लावली. माटुंग्याच्या दारात ते शेहेचाळीस कुणी विचारणारच नव्हतं. तिथे चारशे एकतीस हवे होते. माझ्याकडे एक जास्तच होता.