मामांचा दिवा विझतो तेव्हा

मामींच्या जेवणघरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. शेजारपाजारची मंडळी आपापली स्टुलं घेऊन आली होती आणि सगळ्यांच्या माना वर होत्या. टेबलाच्या बरोब्बर वर, छतात पत्र्याचा गोल डबा बसवून त्यात एक बल्ब लावलेला होता. त्याखाली उजेडबाबा डोळे मिटून बसले होते.

"मामा, आलात का?" बाबांनी विचारलं. दिवा जळत राहिला.

"वाट लांबची आहे," बाबा समजुतीनं म्हणाले. "मामा, मामींची आठवण येते का? घराची काळजी वाटते का? बरं, गुडघे अजून दुखतात का?"

फट्‌कन दिवा विझला.

"होय म्हणाले," अंधारातून बाबांचा आवाज आला. मामींनी पदर डोळ्यांना लावला. मामांचे गुडघे खरंच दुखायचे.

मामा जिवंतपणी घरभर दिवे बंद करत फिरायचे. मामी भाजी चिरत असल्या तरी "एवढा उजेड कशाला?" म्हणून बटण दाबायचे. त्यामुळे ते गेल्यावर जेवणघरातला दिवा आपोआप विझायला आणि काही वेळानं आपोआप लागायला लागला, तेव्हा मामींना फारसं नवल वाटलं नाही. हे कोण करतंय ते उघडच होतं. मग शेजारीणबाईंनी उजेडबाबांना आणलं. बाबा आधी कंबरदुखीवर तेल विकायचे, आता विजेच्या तारांत अडकलेल्या आत्म्यांशी बोलत. दिवा विझला की 'होय'. 'नाही' म्हणायला आत्म्याला काहीच कष्ट पडत नसत.

"दिवा रात्रंदिवस चालू ठेवा, नाहीतर वाट चुकतील," असा बाबांचा हुकूम होता. मागच्या खोलीत बाबांनी मुक्काम करावा, यालाही मामांनी दिवा विझवून संमती दिली होती. बाबांची ट्रंक येऊनसुद्धा पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा फिरायला गेलेले असताना मामींची भाची आली. ती दातांची डॉक्टर होती. दारातच तिनं नाक आक्रसलं.

"मामी, काही करपतंय का?"

"तो मामांचा वास आहे," शेजारीणबाई हळूच म्हणाल्या.

"मामांच्या अंगाला करपल्याचा वास कधी येत नव्हता," भाची म्हणाली आणि तिनं आधी बटण बंद केलं. मामी बटणाकडे धावल्या.

"अगं, चुकतील ना ते."

"मामी, हा दिवा विझायला कधीपासून लागला?"

मामींनी आठवून पाहिलं. "तुझे मामा चाळीसचा मिणमिणता बल्ब आणायचे. ते गेल्यावर म्हटलं, आता तरी ताटातलं दिसू दे. मी शंभरचा लावला. तेव्हापासून..." बोलता बोलता त्या थांबल्या.

बल्ब गार झाल्यावर भाची शिडीवर चढली. होल्डर तपकिरी पडला होता. वायरीचं आवरण बोट लागताच भुगा होऊन मामींच्या टेबलावर पडलं. डब्याच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली होती : साठ वॅटपेक्षा जास्त बल्ब लावू नये.

तो भुगा मामींनी चिमटीत घेऊन पाहिला. मग त्यांनीच वायरमनला बोलावून होल्डर, वायर बदलून घेतली, चाळीसचा बल्ब लावून घेतला आणि सगळ्यांना बजावलं, "बाबांना यातलं काही सांगायचं नाही."

संध्याकाळी बैठक बसली. बाबांनी मामांना गुडघे विचारले, कंबर विचारली, दात विचारले. दिवा शांतपणे जळत होता. बाबांनी शाळेतले मित्र काढले, हरवलेली छत्री काढली, आवडती चप्पल काढली. मागे कुणीतरी जांभई दिली. बाबांच्या कपाळावर घाम आला.

"मामा रागावले आहेत," ते अखेर म्हणाले.

"रागावले असते तर त्यांनी आधी दिवाच बंद केला असता," मामी म्हणाल्या. जेवणघर खदखदून हसलं.

भाचीनं शंभरचा बल्ब आणि काळवंडलेला होल्डर टेबलावर ठेवला. "या डब्यात धातूची एक पट्टी असते. आतली हवा फार तापली की पट्टी वाकते आणि वीज तोडते. गार झाली की पुन्हा जोडते. दिवा 'होय' म्हणत नव्हता, 'जळतोय' म्हणत होता."

"मग बाबांना उत्तरं बरोबर कशी मिळायची?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"दिवा विझेपर्यंत ते प्रश्न विचारत राहायचे. शेवटचा प्रश्न तेवढा तुमच्या लक्षात राहायचा."

बाबा ट्रंक आणायला मागच्या खोलीत गेले. ती त्यांना कुणी उचलू लागलं नाही.

सगळे गेल्यावर मामी म्हणाल्या, "म्हणजे ते एकदाही आले नव्हते."

"नाही, मामी."

मामी मनसोक्त रडल्या. भाची शेजारी बसून राहिली. डोळे पुसून त्यांनी विचारलं, "मग मला ताटातलं दिसायचं कसं?"

"चौदा वॅटचा एलईडी आणू. उजेड शंभरच्या बल्बाएवढा आणि ताप कितीतरी कमी. बंद डब्यात चालतो असं खोक्यावर लिहिलेलं तेवढं बघून घेऊ."

गेलेल्या माणसाची आठवण येणं यात वेडेपणा काही नाही. पण त्या आठवणीवर कुणी आपली ट्रंक आणून ठेवत असेल, तर दोन प्रश्न विचारायला हवेत. आणि तुमच्या घरी दिवा असाच विझू लागला, तर आधी बटण बंद करा, गार होऊ द्या, आत किती वॅट लिहिलेत ते वाचा. नाहीच कळलं तर वायरमनला बोलवा. बाबांना बोलावण्याआधी शिडी आणा.