वनमालाबाईंचा ठोकळा

मी पगडीचा ठोकळा. शिसवाचा. वर माणसाच्या डोक्याएवढा गोल, खाली आखूड मान, बस्स. नाक नाही, डोळे नाहीत, तोंड नाही. तरी बोलतोय, कारण माझ्या नावावर एक खोटं बरीच वर्षं चाललं आणि ते मोडलं तेव्हा मी तिथं होतो. मी शिकलेला नाही. अक्षर ओळखत नाही. अंगावर जे झालं तेवढंच सांगेन.

शिंद्यांच्या राजधानीत, लश्करच्या एका सुतारानं मला तासलं, घासलं, तेल पाजलं. पगडीवाल्या दिनकररावांनी तळहात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "डाव्या बाजूला चढ आहे." सुतार म्हणाला, "भाऊसाहब, आदमी का सर भी कहाँ बराबर होता है!" दिनकरराव हसले नाहीत. त्यांनी पुन्हा घासायला लावलं. मग मला बगलेत मारून शिंदे की छावनीत घरी आणलं.

घराला रस्त्याकडून ओटा. पुढची खोली कामाची, मागची बायकांची. मध्ये पडदा.

पगडीचं काम कसं चालतं ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. चंदेरीचं पातळ कापड, लांबच लांब पट्टी. तिचं एक टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, पाय पुढं ताणायचा, आणि दोन्ही हातांनी पीळ देत देत ती माझ्या डोक्याभोवती वेढायची. वेढ्याला वेढा चिकटून. अंगठ्याची पकड सुटली की पीळ सैल, पीळ सैल झाला की वेढे घसरले. हातांचं कौतुक सगळे करतात. खरं काम अंगठा करतो.

दिनकरराव पाय पसरून बसायचे, समोर कोणीही असो. सरदार असो, मानकरी असो. पगडीवाल्याच्या पसरलेल्या पायाचा कोणी अपमान मानत नसे.

त्या काळात मी माणसं फार पाहिली. साधा कारकून यायचा, खांदे पाडून. पगडी डोक्यावर चढली, आरशात बघितलं, की घसा खाकरायचा आणि कारण नसताना कोणाला तरी जोरात हाक मारायचा. माझ्या डोक्यावर तर शेकडो पगड्या चढल्या. मी कधी खाकरलो नाही.

मग संस्थान गेलं. मध्य भारत नावाचं राज्य झालं. दरबार थांबले. फौजेतले लोक घरी बसले. कोणी शाळेत कवायत शिकवू लागलं, कोणी दुकानाच्या दारावर पहाऱ्याला उभं राहिलं. पगड्या खुंटीला गेल्या, डोक्यांवर टोप्या आल्या, तरुण तर उघड्या डोक्यानंच हिंडू लागले. आमच्याकडे उरली लग्नाची कामं. नवरदेवाला अजून शिंदेशाही पगडी लागत होती.

त्याच सुमारास दिनकररावांची बोटं आखडली. सुई धरता येईना. दोन महिने त्यांनी कोणाला कळू दिलं नाही. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मला उचललं आणि पडद्याआड सुनेपुढं ठेवलं.

सून म्हणजे वनमाला. त्यांचा मुलगा तापानं गेला तेव्हा ती पंचविशीची होती. कपाळ मोकळं, साधं लुगडं, बोलणं कमी. लग्न होऊन आल्यापासून पट्ट्या कापणं, कांजी करणं, सुया ओवणं तिच्याकडेच. बघून बघून ती सगळं शिकली होती. पहिली पगडी तिनं बांधली आणि माझ्या डोक्याला कळलं, हा हात दिनकररावांपेक्षा घट्ट आहे.

पण विधवेनं लग्नाच्या पगडीला हात लावायचा नाही, असं सगळे मानत. नवरदेवाचं अशुभ होतं म्हणे. म्हणून काम आत व्हायचं आणि दिनकरराव बाहेर मला मांडीवर घेऊन बसायचे. गिऱ्हाईक म्हणायचं, "वा, हात अजून तोच!" ते म्हणायचे, "हात जात नसतो." आत वनमाला पुढच्या पगडीच्या पट्ट्या कापत असायची.

आठ वर्षं असं चाललं. एकदाच, आजारात, तिनं पेज भरवली तेव्हा ते म्हणाले, "तुझा हात माझ्याहून बरा आहे. कोणाला सांगू नकोस." ती म्हणाली, "बरं." मला राग आला. पण ठोकळ्याचा राग कोण विचारतो.

छप्पन साली पुन्हा सगळं हललं. मध्य भारतही जाणार, मध्य प्रदेश होणार, राजधानी भोपाळला. छावनीतल्या घरांतून ट्रंका निघू लागल्या, ज्याची कचेरी तिकडं तो तिकडं. त्या गडबडीत फूलबागेजवळ राहणाऱ्या जयसिंहराव सरदारांनी धाकट्या मुलाच्या, दौलतसिंहाच्या लग्नासाठी सात पगड्या सांगितल्या. चार झाल्या. दसऱ्यानंतर दिनकरराव गेले. तीन राहिल्या, त्यात नवरदेवाची.

तेरावा झाल्यावर जयसिंहराव भेटायला आले. सत्तरीचे, काठी हातात, आवाज अजून परेडवरचा. मी रिकामा कोपऱ्यात होतो. दिनकररावांची बहीण मंदाताई त्यांच्याशी बोलायला बसली. वनमाला पडद्याआड.

"कारीगर गया," जयसिंहराव म्हणाले. "आता उरलेल्या तीन जागी साफे मागवतो जयपूरहून. काय करणार!"

मंदाताईनं आधीच ठरवलं होतं. मला पाटणकर बाजारातल्या एका टोपीवाल्याला द्यायचं आणि वनमालाला उज्जैनला भावाकडे पोचवायचं, तिथं पोळ्या लाटायला. ती घाईनं म्हणाली, "साफे कशाला? दादानं तिन्ही करून ठेवल्यात. शेवटचा हात लागायचाय फक्त. आठ दिवसांनी माणूस पाठवा."

सोपं होतं. वनमालानं गुपचूप तीन बांधायच्या, की खोटं सुखरूप दिनकररावांबरोबर गेलं. पण मेलेला माणूस चौथी पगडी बांधत नाही. त्या तिन्हींनंतर तिचं काम कायमचं संपलं असतं.

पडदा बाजूला झाला. वनमाला बाहेर आली. डोक्यावर पदर, नजर जमिनीवर.

"मामंजींनी नाही केल्या. त्या चार मी बांधल्यात. आठ वर्षं सगळ्या मीच बांधतेय."

"वनमाला!" मंदाताई ओरडली.

जयसिंहरावांनी काठी टेकली. "तुम्ही? पगडी? लग्नाची?" मग काठी माझ्याकडे रोखली. "दाखवा बांधून."

तिनं मला पुढं घेतलं. पट्टी काढली. टोक अंगठ्यात धरलं आणि बसली. पण समोर सरदार, तिच्या सासऱ्याहून वयानं मोठे. त्यांच्याकडे पाय कसा करायचा? तिनं पाय लुगड्याखाली ओढून घेतला, पदर सावरला, आणि तशीच पीळ देऊ लागली. अंगठा सुटला. मला लगेच कळलं. तिसरा वेढा दुसऱ्यावरून घसरला, पाचव्यापर्यंत सगळं माझ्या कपाळावर ओघळलं. तिनं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा ओघळलं.

"राहू द्या," जयसिंहराव उठले. "आठ दिवस थांबतो, मंदाताई. तुमच्या शब्दाखातर. नंतर मी जयपूरला तार करेन."

ते गेल्यावर मंदाताई म्हणाली, "झालं समाधान? घराची लाज वेशीवर टांगलीस."

वनमालानं पट्टी उचलली. ती माझ्यापुढं बसली, पाय लांब केला, आणि एका दमात अख्खी पगडी बांधली. एक वेढा हलला नाही. मग ती बांधलेल्या पगडीकडे बघत राहिली. चूक तिच्या हाताची नव्हती, हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला उचललं आणि ओट्यावर नेऊन ठेवलं. रस्त्याकडे तोंड करून बसली. पाय पुढं केला.

"आत ये," मंदाताई दारातून म्हणाली. "लोक बघतायत!"

"बघू देत, आत्याबाई. त्यासाठीच बसलेय."

पहिल्या दिवशी तिचा पाय थरथरत होता. कोणी थांबलं की अंगठा ढिला पडायचा आणि वेढे माझ्या कानशिलावर यायचे, म्हणजे कान असते तर. समोरच्या गल्लीतला शिंपी मशीन थांबवून ओरडला, "बाईजी, किसके सर नाप रही हो?" सायकलवरचे दोघं उतरले. एक म्हणाला, "अरे देख, अब औरतें पगड़ी बाँधेंगी, मर्द चूड़ी पहनेंगे!" तिनं पदर पुढं ओढला आणि सगळं सोडून पहिल्यापासून सुरू केलं. त्या दिवशी एकही पगडी पुरी झाली नाही. तरी ऊन कलेपर्यंत ती उठली नाही.

तिसऱ्या दिवशी पदर खांद्यावर होता. चौथ्या दिवशी तोच सायकलवाला आला, तेच बोलला. तिनं मान वर केली.

"तुम्हारी शादी हुई?"

"नहीं, बाईजी."

"तो इधर आओ. नाप दे जाओ. जब होगी तब पगड़ी यहीं से जाएगी."

शिंपी इतका हसला की त्याचा दोरा तुटला. सायकलवाला लाजला आणि खरंच माप देऊन गेला. त्या दिवसापासून शिंपी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला, "रुको, देखो, अंगूठा देखो बाईजी का." धीर काही एकदम येत नाही. तो मला वेढ्या-वेढ्यानं चढताना जाणवला. सातव्या दिवशी ओट्यासमोर पंधरा माणसं उभी होती आणि तिचा पाय दगडासारखा स्थिर होता.

आठव्या दिवशी, ओट्यावर झालेल्या दोन पगड्या बांधून घेऊन, तिनं टांगा बोलावला. नवरदेवाची तेवढी राहिली होती. मला मांडीवर घेतलं आणि जयसिंहरावांच्या घरी गेली. मंदाताई आली नाही.

बैठकीत पाहुणे होते. व्याही, दोन पुतणे, नवरदेव दौलतसिंह. वनमाला आत गेली नाही. बैठकीतच सतरंजीवर बसली.

"सरकार, पाय समोर येईल. कोणाला बाजूला बसायचं असेल तर बसा."

कोणी हललं नाही. तिनं पाय पुढं केला, थेट सरदारांच्या दिशेनं, आणि बांधायला घेतलं. खोलीत फक्त कापडाची सळसळ. मी आयुष्यात इतका घट्ट पीळ अंगावर घेतला नाही.

अर्धी झाली तेव्हा एक पुतण्या म्हणाला, "काकासाहेब, काम बढिया आहे, पण विधवेच्या हातची पगडी दौलतच्या डोक्यावर? लग्न आहे."

वनमालाचा हात थांबला नाही. "दौलतसिंहांच्या थोरल्या भाऊंची पगडी पन्नास साली माझ्या हातची. मधल्यांची त्रेपन्न साली. त्या दोन्ही लग्नांत तुम्ही डोक्यावर घालून मिरवलात त्याही माझ्याच."

आतल्या दाराशी सरदारांच्या पत्नी सुलोचनाबाई उभ्या होत्या. त्या पुढं आल्या.

"थोरल्याची?"

"हो, बाईसाहेब. पुढचं टोक तुम्ही थोडं उचलून मागितलं होतंत. निरोप आला होता. मीच पुन्हा बांधलं."

सुलोचनाबाई पुतण्याकडे वळल्या. "थोरल्याला दोन मुलं. मधल्याला सोन्यासारखी मुलगी, ती बघ तिथं लाडू खातेय. तुझंही लग्न झालं, भांडतोस पण नांदतोस. मग अशुभ झालं ते नेमकं कुठं, सांग बघू मला."

व्याही हसू दाबत छताकडे बघू लागले. पुतण्यानं पाण्याचा तांब्या उचलला.

जयसिंहरावांनी बराच वेळ माझ्याकडे, म्हणजे पगडीकडे, पाहिलं. मग म्हणाले, "ठीक आहे. पगडी घेऊ. फक्त कोणी विचारलं तर दिनकररावांच्या घरची, असं सांगू. त्यांचंही नाव राहील."

वाईट बोलले नाहीत ते. त्यांच्या मनानं तो मोठेपणाच होता. वनमालानं पट्टी तशीच धरून ठेवली. अंगठाही ढिला केला नाही.

"मामंजींनी मला शिकवलं. ते कोणी विचारलं तर मीच सांगेन. पण पगडी वनमालाबाईंची. असं सांगणार असाल तर पुरी करते. नसाल तर इथंच उलगडते आणि ठोकळा घेऊन जाते."

"सरदाराला अट घालताय?"

"कामाची अट आहे, सरकार. तुम्हाला नाही."

उत्तर दिलं दौलतसिंहानं. तो उठला, सतरंजीवर तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "पुरी करा, वनमालाबाई. डोकं माझं आहे."

जयसिंहरावांनी होकार दिला नाही. नकारही दिला नाही. तिनं शेवटचे वेढे घेतले, टाके घातले, दोरा दातानं तोडला. मग पगडी माझ्यावरून उतरवून त्याच्या डोक्यावर ठेवली. स्वतःच्या हातानं.

लग्नाला आम्हाला बोलावणं आलं नाही. सरदार तिथं काय बोलले, बोलले की नाही, मला माहीत नाही. मंदाताई चार दिवस म्हणत होती, "मोठी माणसं अशी नावं घेत नसतात." वनमाला ऐकून घ्यायची आणि ओट्यावर बसायची. काम नव्हतं. ती नुसतीच माझी धूळ पुसत होती.

पाचव्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी एक टांगा थांबला. मुरारहून आलेले म्हातारे गृहस्थ उतरले, अनोळखी. शिंप्याच्या दुकानाशी थांबून त्यांनी काठीनं घरं मोजल्यासारखं केलं आणि विचारलं, "अहो, सरदारसाहेबांनी पत्ता दिलाय. वनमालाबाई पगडीवाल्या कुठं राहतात?"

शिंपी काही सांगायच्या आत ती ओट्यावर उभी राहिली. "मीच," ती म्हणाली. तेवढंच. आणि आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत गेला.

आता माझ्या मानेला चीर पडली आहे. पगड्या वर्षाला दहा-बारा होतात, जास्त नाही. टोपीवाल्यानं दोनदा माणूस पाठवला, ठोकळा द्या म्हणून. तिनं दिला नाही. चीर लाखेनं बुजवली आणि पुन्हा काम सुरू केलं.

तुम्हाला पगडी हवी असेल तर या. नको असेल तरी येऊन बघा, ओटा उघडा आहे. पण दारात आल्यावर दिनकररावांचा ठोकळा कुठं आहे, असं मात्र विचारू नका. मी ओ देणार नाही.