सुटतं ते बटण

बर्फाच्या बंद पडलेल्या कारखान्यात मुंगी शिरायला जागा नव्हती. पुढे बायका, मागे त्यांनी ओढून आणलेले नवरे, आणि समोर लाकडी चौथऱ्यावर सुटकामहाराज. महाराजांनी एका ट्रकवाल्याला वर घेतलं आणि त्याच्या हातात पेला दिला. पेल्यात दारू होती, तीही तळाशी.

"पी. लाजतोस काय? रोज बायकोसमोर पितोस, आज देवासमोर पी."

लोक हसले. ट्रकवाला प्यायला. महाराज डोळे मिटून बोलत राहिले, "भूत असतं हे. काळजात बिऱ्हाड करतं. भाडं देत नाही, निघतही नाही. आम्ही त्याला नोटीस देतो."

लोक पुन्हा हसले. तेवढ्यात ट्रकवाल्याचा चेहरा भाजल्यासारखा लाल झाला. लाली गळ्यावरून छातीवर उतरली. तो धापा टाकत खाली बसला आणि चौथऱ्यावरच भडाभडा ओकला.

"निघालं," महाराज म्हणाले, आणि टाळ्यांनी पत्रे हादरले.

मधल्या रांगेत कपडे शिवणारी एक बाई बसली होती. शेजारी तिची नणंद. नणंदेने कोपराने ढोसलं, "बघितलंस ना वहिनी? त्याच्या बायकोनं आठवडाभर महाराजांची पुडी दिली त्याला. आपल्या दादाचीपण अशीच सुटेल."

शिवणारीचं लक्ष ट्रकवाल्याच्या डोळ्यांकडे होतं. भूत निघून गेलं म्हणतात, मग हा माणूस एवढा भ्यालेला का? पण घरी सुतार नवरा होता. रंधा धरताना त्याचे हात कापायचे, आणि करवतीखालून त्याचं बोट नुकतंच कसंबसं वाचलं होतं. ती उठली आणि पुड्यांच्या रांगेत उभी राहिली.

"जेवणातून द्यायची," शिष्याने बजावलं. "त्याला कळता कामा नये. कळलं की गुण गेला."

पुडीत राखेच्या रंगाची भुकटी होती. ती भाजीत सहज मिसळायची. पण पिणाऱ्याला भूक कुठली? सुतार निम्मं ताट तसंच सारायचा. अन्न टाकायचं शिवणारीच्या जिवावर यायचं, म्हणून त्याचं उरलेलं ती खायची. वर्षानुवर्षं खात आली होती. त्यात विचार करण्यासारखं काही आहे, असं तिला वाटलंच नाही.

थोड्याच दिवसांत नणंद बातमी घेऊन आली. "तो ट्रकवाला गेला. गुत्त्यातच पडला म्हणे, पेला हातात असताना. महाराज म्हणाले, घालवलेलं भूत त्यानं परत बोलावलं, म्हणून ते कोपलं."

शिवणारीच्या हातातली सुई थांबली. त्या रात्री तिने पुडी हातात घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी भाजीत टाकलीच. भीती एकीकडे आणि आशा एकीकडे असली की माणूस आशेचंच ऐकतो. असल्या महाराजांचं दुकान त्याच्यावरच चालतं.

ती शिवायला जायची त्या कपड्यांच्या कारखान्यात कापडाच्या तुसाने तिला खोकला लागला होता. शेजारच्या काजं करणारीने खोकल्याची बाटली पुढे केली. "घे दोन झाकणं. लगेच आराम पडतो."

तिने घेतलं. ती बाही जोडत होती, तर कानशिलं तापली. छातीत मशीन सुरू झाल्यासारखी धडधड.

"काय गं, नवऱ्याच्या बाटलीतली चोरलीस की काय?" कुणीतरी म्हणालं आणि सगळ्या फिदीफिदी हसल्या. मग ती मशीनशेजारीच ओकली, तेव्हा कुणी हसलं नाही. तोंड धुताना तिने आरशात पाहिलं. गळ्यावरून छातीवर उतरलेली ती लाली तिने आधी पाहिली होती. ट्रकवाल्याच्या अंगावर.

संध्याकाळी नणंद महाराजांकडे जाऊन आली. "भुतानं दादाला सोडलं आणि तुला धरलं. दोघांना दुप्पट पुडी द्यायला सांगितलीय."

"मी जन्मात दारूचा थेंब घेतला नाही. ते माझ्यात काय खायला आलं?"

"भुताला कारण लागत नाही वहिनी."

"मग त्याला पुडी कशाला लागते?"

नणंद पुड्या ठेवून निघून गेली. दुसऱ्या दिवशी शिवणारी पुडी आणि बाटली घेऊन सरकारी दवाखान्यात गेली.

डॉक्टरीणबाईंनी बाटलीवरचं लेबल वाचलं. "यात मद्यार्क आहे. आता सांगा, पुडी कोण खातं?"

"नवरा. आणि त्याचं उरलेलं मी."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली. "दारू पोटात गेली की शरीरात तिचं एक विषारी द्रव्य होतं. यकृत ते मोडून टाकतं. दारू सोडणाऱ्यांना देतात ते एक औषध हे मोडणंच थांबवतं. मग विष साचतं. चेहरा लाल, धडधड, ओकाऱ्या. जास्त प्यायलं तर रक्तदाब कोसळतो, हृदयही थांबतं. मला वाटतं, तुमच्या पुडीत तेच आहे. मी ती तपासायला पाठवते."

"म्हणजे तुम्हीही तेच देता?"

"माणूस तपासून, त्याला सगळं सांगून, तो हो म्हणाला तरच. चोरून दिलं की तो सापळा होतो. निकाल येईपर्यंत पुडी बंद. पण आधीची अजून अंगात आहे, तेव्हा त्याला थेंबही घेऊ देऊ नका."

"मग त्याची सुटायची कधी?"

"सुटतं ते बटण, बाई. दारू सुटत नाही, ती सोडावी लागते. आणि ज्याची आहे त्यानंच."

शिवणारी तिथून थेट सुताराच्या कारखान्यात धावली. मोठं काम हातावेगळं झालं होतं, म्हणून फळ्यांच्या थप्पीवर बाटली उघडली होती. सुताराच्या हातात पेला होता. तिने त्याचं मनगट धरलं.

"पिऊ नका. मी तुम्हाला भाजीतून औषध घालतेय. दारूशी त्याचं जमत नाही. ट्रकवाला त्यानंच मेला असणार."

सोबती हसायला गेले आणि थांबले. सुताराचा चेहरा उतरला होता. "हल्ली घोटभर घेतली तरी छाती फुटायची वेळ येते. मला वाटलं, आपलं भरत आलं. तुला बोललो नाही." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे मी मरत नव्हतो?"

"मरतच होतात. मी मारत होते."

मागे करवत चालू होती, ती कुणीतरी बंद केली. सुताराने पेला भुशावर ओतला.

"दवाखान्यात चल," तो म्हणाला. "पण आता जे काय द्यायचं ते मला सांगून द्या."

एकदम बंद केली तर फिट येऊ शकते, म्हणून बाईंनी त्याला दाखल करून घेतलं. तो घरी आला तोवर निकालही आला होता. राखेत तेच औषध होतं. बाईंनी पोलिसांत तक्रार दिली.

पुढच्या दरबारात शिवणारी चौथऱ्यापाशी उभी राहिली. "महाराज, तुमच्यात तर भूत नाही. मग ही पुडी खा आणि उद्या इथं सगळ्यांसमोर खोकल्याचं हे औषध घ्या. मला झालं ते तुम्हाला होतं का बघू."

महाराज हसले. "हिनं शंका घेतली. म्हणून हिच्या नवऱ्याची सुटली नाही."

"नाहीच सुटली," मागून सुतार म्हणाला. त्याने दोन्ही हात वर केले. ते अजून थरथरत होते. "सोडतोय. जड जातंय. पण मीच सोडतोय."

महाराजांनी पुडीला बोट लावलं नाही. ते सगळ्यांनी पाहिलं.

पोलीस आले तेव्हा चौथरा रिकामा होता. महाराज अजून सापडलेला नाही. तो कुठल्यातरी दुसऱ्या शेडमध्ये कुणाच्यातरी हातात पेला देत असेल, आणि समोर टाळ्या पडत असतील. म्हणून सांगतो. घरात पिणारा असेल तर त्याच्या ताटात चोरून काही घालू नका. त्याच्याशी बोला, त्याला डॉक्टरकडे न्या, तो नाही म्हणाला तर पुन्हा बोला. आणि ज्या औषधाचं नाव तुम्हाला सांगितलं जात नाही, ते देणाऱ्याला आधी स्वतः खायला सांगा. तो खातो का, तेवढं डोळे उघडे ठेवून बघा.

आता शिवणारीच्या घरी डॉक्टरीणबाईंनी त्याला सगळं सांगून दिलेली गोळी ताटाशेजारी उघडी ठेवलेली असते. सुतार ती रोज स्वतः उचलतो. एखाद्या दिवशी बराच वेळ नुसता बघत बसतो. ती आपली शिवत राहते. मग तो पाणी मागतो.