पश्चिमेच्या भिंतीवरचा चौकोन

मित्रांनो, मी एक जुना रंगाचा चौकोन आहे. घराच्या मागे, पश्चिमेच्या भिंतीवर, खिडकीखाली राहतो. तुम्ही मला डाग म्हणाल. म्हणा, मला सवय आहे.

मुळात आम्ही तिघे होतो, घराला कोणता रंग द्यायचा हे ठरवण्यासाठीचे नमुने. या घरातल्या आजोबांनी आम्हाला स्वतःच्या हाताने ओळीने लावले. आजीला दारापुढच्या सावलीतच नमुने बघायचे होते आणि रंग चकचकीतच हवा होता.

"मॅट म्हणजे धूळ बसल्यासारखा दिसतो," ती म्हणाली.

"अगं, सावलीत सगळेच शहाणे दिसतात. आधी उन्हापावसाचा मार खाऊ दे त्यांना!"

मार आम्ही पोटभर खाल्ला. चकचकीत भाऊ उन्हात असा तळपायचा, की भिंतीचा प्रत्येक उंचवटा चव्हाट्यावर यायचा. पावसात त्याला फोड आले, मग पोपडे सुटले. दुसरा भाऊ स्वस्तातला. त्याला हात लावला की तळव्यावर भुकटी. मी मॅट, बिनचमकीचा. मी भिंतीचे उणेदुणे पोटात घातले, ओल धरून ठेवली नाही आणि टिकलो. आजोबांनी माझ्यावर घासलेला तळवा आजीला दाखवला. अगदी कोरा!

"हरले बाई," आजी हसली. आता सगळी भिंत माझ्या रंगाची होणार म्हणून मी हरखून गेलो.

पण आजोबा आजारी पडले आणि गेले. रंगाचे नाव कोणी काढेना. भाऊ झडून गेले, मी एकटा उरलो. रोज संध्याकाळी आजी यायची, माझ्यावर तळवा ठेवायची आणि आत जायची.

यंदा तिच्या मुलीने रंगारी बोलावला. रंग माझाच! तो मला घासून काढायला पॉलिश पेपर घेऊन माझ्यापाशी आला, तशी आजी आडवी आली.

"एवढा सोडून रंगवा. हा यांनी लावलाय."

"अहो आजी, डाग दिसेल."

"दिसू दे."

तिची माया मला कळते. पण आता चारही बाजूंना माझीच माणसे आहेत आणि त्यांच्यात मीच तेवढा फिका, परका.

काल मुलगी म्हणाली, "आई, चल ना माझ्याकडे. इथे एकटी किती दिवस काढणार?"

आजीने माझ्यावर तळवा ठेवला. "मग याच्याकडे कोण बघणार?"

मित्रांनो, रंग निवडाल तो ऊन-पाऊस झेलणाऱ्या भिंतीवर निवडा. आणि ज्याच्यावर जीव आहे, त्याला जपायचे म्हणून एकटे पाडू नका.

आजी, तू जा ना. मी टिकणारा आहे, हे तूच तर पाहिले आहेस.