काठावरचं खारं पाणी

होडीच्या तळात पाणी साचलं की ते कुठून आलं, हे कप्तान चाखून सांगत. तर्जनी बुडवायची, जिभेला लावायची, डोळे मिटायचे आणि आजूबाजूचे सगळे गप्प झाल्याची खात्री करून निकाल द्यायचा. गोडं लागलं तर पाऊस, खारं लागलं तर समुद्र. यात चुकण्यासारखं काही नाही, असं ते म्हणत. ज्यात चुकण्यासारखं काही नाही, अशाच कामाला ते हात लावत.

ते कप्तान नव्हतेच. खाडीच्या या काठावरून त्या काठावर माणसं नेणारी एकच होडी त्यांच्याकडे होती, आणि तीही सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली. लोकांनी थट्टेनं दिलेलं नाव त्यांनी मनापासून घेतलं आणि त्याला शोभेल अशी टोपी विकत आणली. सुकाणू त्यांची बायको धरायची. कप्तान चढणाऱ्यांना हात देत आणि उतरणाऱ्यांना उपदेश.

यंदाच्या पावसात होडीच्या तळात रोज पाणी दिसू लागलं. बायको पहाटे पंप लावून ते काढायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढंच. कप्तानांनी बोट बुडवलं, डोळे मिटले आणि समुद्र, असं जाहीर केलं. त्यांच्यामागून होडीचं इंजिन बघणाऱ्या मेकॅनिकनंही बोट बुडवलं आणि कप्तानांच्या चेहऱ्याकडे बघून चव ठरवली. खारट, तो म्हणाला.

म्हणजे तळ गेला. तळ गेला म्हणजे होडी गेली. कप्तानांनी त्याच दुपारी लाकूडवाल्याशी बोलून घेतलं. त्यानं होडी फोडून फळ्या न्यायच्या आणि कप्तानांनी फायबरची नवी होडी घ्यायची. नव्या होडीचा रंगसुद्धा त्यांनी पसंत करून ठेवला होता, यावरून तळाचं दुःख त्यांना किती झालं होतं, ते कळावं.

बायकोचा जीव मात्र खालीवर होत होता. वडील जाऊन फार दिवस झाले नव्हते, आणि त्यांच्या हातचं दुसरं काही उरलंही नव्हतं. तिनं तळातली एकेक फट बोटानं दाबून पाहिली. डांबर जागच्या जागी होतं, फटींत ठासलेला कापूस कुठे सुटला नव्हता. हे तिनं सांगितलं तेव्हा कप्तान टोपी सारखी करत म्हणाले, "डोळ्यांना काय दिसतंय? जीभ खोटं बोलत नाही."

"कुणाची?" तिनं विचारलं.

कप्तानांनी ते ऐकलं नाही. असली वाक्यं न ऐकण्याचा त्यांना चांगला सराव होता.

होडी दोर लावून उतारावरून, भरतीचं पाणी पोचणार नाही इतकी वर ओढली, दोन्ही बाजूंनी टेकू दिले. बायकोनं तळ कोरडा केला, जुन्या चादरीनं पुसून काढला. उद्या फोडायच्या वस्तूला कशाला पुसतेस, असं कप्तानांनी विचारलं. माणूस गेल्यावरही आंघोळ घालतात, एवढंच ती म्हणाली.

रात्री पाऊस झाला. सकाळी लाकूडवाला यायच्या आधी फळ्यांवर खुणा करायला कप्तान मेकॅनिकला घेऊन आले, तर तळात घोट्याएवढं पाणी. सवयीनं बोट बुडलं, सवयीनं डोळे मिटले.

"खारट," कप्तान म्हणाले.

"खारटच," मेकॅनिक म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला.

बायको शिडीवर उभी होती. ती आवाज न चढवता म्हणाली, "समुद्र कुठाय, तेवढं दाखवा."

समुद्र खाली होता. ओहोटी लागलेली, उताराखाली नुसता चिखल आणि त्यात आपल्या कामात गढलेले खेकडे. कप्तानांनी तिकडे पाहिलं. मग म्हणाले की लाकडानं इतके दिवस पाणी पिऊन ठेवलं होतं, ते आता ओकतंय. मेकॅनिक त्यांच्यापासून एक पाऊल लांब सरकला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

बायको आत उतरली. होडीच्या फासळ्यांमध्ये आतून एकेक पट्टी ठोकलेली होती, आणि एका पट्टीखालून पांढरा ओघळ तळापर्यंत आला होता. तिनं पट्टी उचकटली. आत खडेमीठ होतं, ठासून भरलेलं, मधोमध पाण्यानं पोखरलेलं. वडील खाऱ्या पाण्याला कधी घाबरले नाहीत. लाकूड सडतं ते पावसाच्या पाण्यानं, म्हणून पाऊस आत आलाच तर त्यानं मिठातून यावं, अशी ही त्यांची तजवीज. जावयाला हे माहीत नव्हतं. सासरे काही समजावून सांगायला लागले की जावयाला नेमका फोन यायचा.

पुढचं सोपं होतं. मेकॅनिकनं वरून डेकवर बादलीनं पाणी ओतायचं आणि तिनं आतून पाहायचं. पुढचा भाग कोरडा, मागचा कोरडा. केबिनपाशी ओतलं तशी धार लागली. काचेची ही केबिन कप्तानांनी गेल्या वर्षी स्वतःला बसायला करून घेतली होती. डेकला आरपार भोकं पाडून बोल्ट घातले होते, भोकांत काही भरावं असं कुणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात लाकूडवाला करवती घेऊन आला. कुठून सुरुवात करू, म्हणाला. कप्तान शिडी चढून बायकोजवळ आले आणि हलक्या आवाजात सांगू लागले, की शब्द दिलाय, आता मागे फिरलो तर गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि होडी काय, आज ना उद्या जायचीच.

"फोडा की," बायको म्हणाली. "फक्त का फोडताय, ते त्याला तुमच्या तोंडानं सांगा. मी इथून ऐकते."

कप्तान खाली उतरले. लाकूडवाला होडीच्या तळावरून हात फिरवत होता, मधूनच बोटाच्या पेरानं ठोकून बघत होता. लाकूड खणखणीत वाजत होतं. "तळातून समुद्राचं..." एवढं बोलून कप्तान थांबले. लाकूडवाल्यानं उताराखालच्या चिखलाकडे पाहिलं, मग कप्तानांकडे, आणि पुढच्या शब्दाची वाट पाहत उभा राहिला.

मग कप्तानांनी टोपी सारखी केली.

"मी तपासणी केलीय," ते म्हणाले. "तळ उत्तम आहे. पाऊस वरून येतोय. फासळ्यांत मीठ भरलेलं असतं, जुन्या लोकांची पद्धत. तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

फुकटचा हेलपाटा झाल्याचं लाकूडवाल्यानं जरा मोकळ्या भाषेत सांगितलं. मेकॅनिकनं मान डोलावली, पण ती नेमकी कुणाच्या बोलण्याला, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

बायकोनं आत सगळं ऐकलं. बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण होडी वाचली होती, आणि या माणसाशी भांडायचं तर आधी त्याला बरोबरीचा समजावं लागलं असतं. तिनं दुसरी पट्टी उचकटली आणि ओलं मीठ उपसायला घेतलं. बाहेर कप्तान लाकूडवाल्याला मीठ किती भरावं, ते हातवारे करून समजावत होते, आणि तेही चुकीचं.