न धुतलेली बरणी

मी बरणी बोलतेय. काचेची, घट्ट झाकणाची. कारखान्यातून निघाले ती पोटात कॉफी घेऊन. कॉफी संपल्यावर घरच्या बाईंनी माझ्यात बदाम भरले. पाहुणे आले की मला बाहेर काढत. असा माझा मान होता.

बाईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना कारागीर म्हणतात. त्यांना वर्षानुवर्षं खोकला. सकाळी उठले की घर दणाणून सोडायचे. कुणी म्हणे दमा, कुणी म्हणे धूळ. कारागीर खोकला दाबायचं औषध ढोसून दुकानात जायचे, पण घड्याळ उघडलं की नेमकी तेव्हाच उबळ यायची. मुंगीएवढे स्क्रू दाही दिशांना! एक तर गिऱ्हाइकाच्या चहात सापडला. हात साथ देत होते, छाती देत नव्हती. शेवटी महिनाअखेरीला दुकान कायमचं बंद करायचं त्यांनी ठरवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

बाईंनी त्यांना धरून छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. कफ किती पडतो, या प्रश्नाला कारागिरांनी "थोडासा" असं सभ्य उत्तर दिलं. गिऱ्हाइकांसमोर थुंकायचं कसं, म्हणून हा गृहस्थ निम्मा कफ गिळायचा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उद्या सकाळी पडेल तेवढा कफ झाकणाच्या बरणीत घेऊन या.

बदाम डब्यात गेले आणि माझ्या नशिबी हे आलं. कुठे तोंड लपवावं कळेना.

सकाळी कारागिरांनी माझ्यात कफ टाकला, पण निघण्याआधी बाईंनी तो ओतून मला साबणाने घासून लख्ख केलं. डॉक्टरीणबाईंनी मला उजेडात धरलं, उलटसुलट फिरवलं.

"यात काय बघू?"

"डॉक्टरांकडे का तसली बरणी आणायची?" बाई म्हणाल्या. "चार लोक बघतात."

दुसऱ्या दिवशी बाई मला वर्तमानपत्रात गुंडाळून, मान वळवून, न धुता घेऊन गेल्या. आणि काय सांगू, जन्मात मला कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. वर फेस, मध्ये पाणी, तळाशी पिवळा गाळ. लगेच छातीचा स्कॅन झाला. फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या रुंदावल्या होत्या आणि कफ तिथेच साचत होता. आजाराचं नाव ब्रॉन्किएक्टेसिस. कारागिरांना ते अजून धड म्हणता येत नाही.

"खोकला तुमची सफाई करायला बघतोय आणि तुम्ही त्याचेच हात बांधताय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आजार पुरता जाणार नाही. पण रोज कफ बाहेर काढलात, तर काम सोडायची गरज नाही."

तेव्हापासून रोज सकाळी कारागीर शिकवल्याप्रमाणे कुशीवर झोपतात, लांब श्वास घेतात, तोंड उघडून 'हाः' करत जोरात सोडतात आणि सुटलेला कफ माझ्यात टाकतात. बाई पाठीवर थापट्या मारतात. त्यात त्या जुना राग काढतात, असा कारागिरांचा आरोप आहे. कफ वाढला, हिरवा झाला की दोघं थेट डॉक्टरीणबाईंकडे जातात. म्हणून तुम्हालाही सांगते, महिनोन्महिने रोज कफ पडत असेल तर लाजू नका आणि गिळू नका. जाऊन दाखवा.

महिनाअखेर आली. कारागिरांनी एक घड्याळ उघडलं. मी शेजारी पिशवीत, बाई समोर स्टुलावर श्वास रोखून. चिमटा हलला, स्क्रू बसला. उबळ आली नाही. ठसका लागला तो बाईंना.

कारागिरांनी डोळ्यावरचं भिंगही काढलं नाही.

"बरणी देऊ का?"

बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. मी झाकण घट्ट धरून बसले, एका घराला एक पेशंट पुरे. त्या दिवशी दुकान बंद झालं ते फक्त रात्रीपुरतं.