डावा खांदा

दुपारी त्या खोलीत तिघी असायच्या: शिल्पकार लेक, तिची आई आणि मातीची आई. खिडकीतलं ऊन तिघींवरून सावकाश सरकायचं. ओल्या मातीच्या वासाने डोळे जड व्हायचे आणि आज कुठला वार हे कुणालाच आठवत नसे.

आईला तर काहीच आठवत नसे. आधी किल्ल्या हरवल्या, मग गल्ली, आणि गेल्या वर्षी लेक. पोटच्या पोरीला ती 'अहो बाई' म्हणायची. लोक म्हणत, "वय झालं, चालायचंच." लोकांचं काय जातं बोलायला! आईने एकदा, फक्त एकदाच आपल्याला ओळखावं, म्हणून लेकीचा जीव तुटत होता.

तिने आधी आईची चित्रं रंगवली. आई त्यांच्यासमोरून नुसतीच निघून गेली. मग तिने माती मळली. तरुण आई, शिवणयंत्रावर वाकलेली, ओठांत टाचण्या. जुन्या फोटोत फक्त चेहरा होता. खांदे लेकीने आरशात बघून स्वतःचेच घेतले. 'अगदी आईवर गेलीस' असं सगळे म्हणतच की.

आज तिने मूर्तीवरचं ओलं फडकं काढलं. "आई, बघ ना. ही कोण?"

"कोण जाणे. तुमचीच कुणी असेल."

लेकीचं अवसानच गळालं. ती पाठ फिरवून उगाच फडकं पिळत बसली.

आई मात्र उठली. चाळीस वर्षं बायकांचे कपडे शिवलेले ते हात मूर्तीच्या खांद्यांवर गेले. तिने डोळे मिटले.

"अहो बाई, डावा खांदा उतरलाय."

"माती दबली असेल."

"दबतेय कशाची! हा माझ्या पोरीचा खांदा. अर्धा इंच खाली. शाळेत कुणी हसू नये म्हणून तिच्या प्रत्येक फ्रॉकमध्ये कापसाची पट्टी घालायचे मी. तिला नाही हो सांगितलं कधी."

लेकीच्या हातातून फडकं गळून पडलं. पन्नाशी उलटली होती तिची, आणि हे तिला आज कळत होतं. ती आईपुढे गुडघ्यांवर बसली. मातीने माखलेला आईचा हात तिने स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

बोटं मानेपासून निघाली, हाडावरून उतरली आणि थांबली.

"कधी आलीस गं?" आई म्हणाली. "आणि पट्टी कुणी काढली तुझी?"